मागचं मडगार्ड

बारकूने आपल्या सायकल दुकानाच्या आढ्याच्या हुकावरून टायर खाली ओढला आणि फळीवर असा आपटला, की शेजारच्या टपरीत चहा गाळणाऱ्या बाईजाचा हात हलला.

"हा घे अठ्ठावीस," तो बाईजाकडे बघत म्हणाला. "मागितला ना तिनं? दे तिला."

"ती तुझ्या म्होरं उभी हाय, बारक्या. तूच दे की."

बारकूने ऐकलंच नाही असं दाखवलं. टायर काळा, जाड होता. दूधवाल्यांच्या उंच सायकलींना लागतो तसला. फळीच्या अलीकडे माधुरी उभी होती आणि तिच्या मागे भिंतीला तिची सायकल टेकलेली. वाकड्या हँडलची, हलकी, अंगठ्याएवढ्या टायरची रेसची सायकल. रविवारी माळशेजच्या बाजूला जाणारे मुंबईवाले असल्या सायकलींवरून मुरबाड ओलांडतात, पण एसटी स्टँडसमोरच्या या गल्लीत ती कधी कोणी थांबवलेली नव्हती.

"मावशी," माधुरी हळू आवाजात म्हणाली, "हा अठ्ठावीस चाकाच्या उंचीचा. इंचातला. मी म्हणते तो रुंदीचा. अठ्ठावीस मिलिमीटर. टायर आणलेत मी. ओमकारदादानं कल्याणवरनं आणून दिलेत. काकांनी फक्त बसवायचेत."

तिने पिशवीतून एकेक वस्तू काढून फळीवर ठेवली. पंचवीसच्या टायरांचा एक जोड, अठ्ठावीसच्या टायरांचा एक जोड, आणि काळ्या प्लास्टिकची दोन लांब मडगार्डं. जो जोड बसणार नाही तो ओमकार कल्याणच्या दुकानात परत करणार होता.

बारकूने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला. टायरच्या कडेवरचा बारीक आकडा वाचला. मग दुसऱ्याचा वाचला. त्याच्या मानेची शीर ताठ झाली. आपला आकडा चुकला, तोही बाईजासमोर, आणि चूक दाखवली ती महिपतच्या पोरीने. त्याने जाड टायर उचलून परत हुकाला लावला. पहिल्या वेळी तो लागला नाही.

"सांग तिला, चाळीस वर्सं अठ्ठावीस म्हंजे अठ्ठावीसच होता. ही आली नवीन माप घेऊन. बापावर गेलीय. आपलं माप काढायचं नि लोकांच्या उरावर ठेवायचं."

"ऐकलंस गो?" बाईजाने विचारलं.

"ऐकलं, मावशी."

चार वर्षं बारकू महिपतच्या घराशी बोलत नव्हता. दोघंही चिंचटेंभ्याचे, शेताला शेत लागून. गावदेवीच्या पायरीवर नारळावर हात ठेवून त्याने सगळ्यांदेखत सांगितलं होतं, की माझ्या घरातलं कोणी त्या घराशी एक शब्द बोलणार नाय. कारण पाण्याचं होतं. बंधाऱ्याचं पाणी महिपत हिवाळ्यात भेंडीला नेई, आणि ते रस्ता ओलांडून न्यावं लागे. रस्त्याखालून मोरी घालायची तर तिचं तोंड बारकूच्या बांधात निघत होतं. बारकूने नाही म्हटलं. मग महिपतने रस्त्यालाच आडवा उथळ चर मारला आणि पाट वरून सोडला. त्या कार्तिकात पाट फुटला, पाणी बारकूच्या खळ्यात शिरलं आणि झोडायला ठेवलेल्या भाताला भाऱ्यातच मोड आले. पाट अजून रस्त्यावरूनच वाहतो. दिवाळीपासून होळीपर्यंत सगळा मुलूख कोरडा असताना तिथे वीसएक पावलं लाल चिखल असतो.

हे सगळं माधुरीला माहीत होतं. तरी ती आली, कारण मुरबाडातले बाकीचे मेस्त्री केव्हाच मोटरसायकलींच्या कामाकडे वळले होते. सायकलच्या ब्रेकला अजून हात लावणारा बारकू एकटाच उरला होता. आल्याबरोबर तिने "काका" म्हणून हाक मारली होती. बारकू पंपाकडे वळला होता आणि पंपाला म्हणाला होता, "दुकान उघडं हाय म्हंजे कोणीपण यायचं काय?" तेव्हापासून बाईजा मधे होती.

"सांग तिला, उलटी करून ठेव म्हणावं सायकल."

माधुरीने सायकल सीटवर आणि हँडलवर उलटी ठेवली. बारकू उकिडवा बसला. मागचं चाक फिरवून त्याने टायरवरून बोट नेलं. जुना तेवीसचा टायर, मधोमध सपाट झालेला, दोन ठिकाणी आतून ठिगळ.

"हिनं खडीवर घातलाय हा. मेणबत्तीएवढ्या टायरवर बसून रानात जावं तसं."

"रस्ताच खडीचा हाय, तर ती काय विमानानं येणार?" बाईजा म्हणाली. तिने चहाचा कप फळीवर ठेवला. "घे गो. का उपास हाय? गुरुवार ना आज?"

"चहा चालतो, मावशी."

"गुरुवार धरायचे," बारकू मागच्या ब्रेकचा बोल्ट सैल करत म्हणाला, "पोथ्या वाचायच्या, नि लोकांच्या खळ्यात पाणी सोडायचं. देव काय आंधळा हाय?"

माधुरीने कप उचलला होता. तिने तो तसाच धरून ठेवला.

"मावशी, मोरीला नाय कोण म्हणलं होतं, तेवढं विचारा."

पाना डब्यात पडल्याचा आवाज झाला. पडला की टाकला ते कळलं नाही. बाईजाने एकदा इकडे, एकदा तिकडे बघितलं आणि स्टोव्हची वात उगाच खाली केली.

"हे मी नाय पोचवणार," ती म्हणाली. "माझ्या टपरीवर दुधाचा निरोप पोचवते मी, भांडणाचा नाय."

स्टँडवर किन्हवलीची गाडी लागल्याचं कंडक्टर ओरडत होता. बारकूने मागचं चाक काढलं, जुना टायर उतरवला, आणि अठ्ठावीसचा चढवला. हातांना ते काम डोक्याशिवाय येत होतं. चाक परत बसवून त्याने खिशातून काडेपेटी काढली, एक काडी घेतली आणि टायर व ब्रेक यांच्या मधल्या फटीत घातली. काडी अडली, मग खरवडत पलीकडे गेली.

"एक काडी," तो स्वतःशी म्हणाला.

त्याने अठ्ठावीसचा उतरवून पंचवीसचा चढवला. दोन काड्या एकावर एक धरून फटीत घातल्या. गेल्या. मडगार्ड वरून सरकवून बघितलं. तेही गेलं, कुठे न घासता.

"ऐक म्हणावं." त्याचा आवाज आता कामाचा झाला होता, पण तोंड टपरीकडेच होतं. "पुढं अठ्ठावीस बसंल. पुढच्याला मडगाड नको असंल तर. खरी गोम मागं. मागं पंचवीस घातला तर मडगाड बसतं. अठ्ठावीस घातला तर मडगाड बसत नाय, ब्रेकखाली जागाच नाय. दोनातलं एक ठरव म्हणावं."

"मडगार्ड कापून दोन तुकड्यांत बसवतात, असं ओमकारदादा म्हणत होता—"

"मडगाड कापत नाय मी!" बारकूने पहिल्यांदा मान वर केली, पण नजर तिच्या डोक्यावरून गेली. "सांग गो तिला. चाळीस वर्सांत एक मडगाड कापलेलं नाय या हातानं. अखंड बसलं तर बसलं. कापलेलं मडगाड ते काय मडगाड?"

"बरं, बरं. ओरडतोस काय," बाईजा म्हणाली. "मग तूच सांग, काय घालावं तिनं?"

बारकूने हात फडक्याला पुसले. या प्रश्नाचं खोटं उत्तर त्याला देता आलं असतं. पण प्रश्न चाकाचा होता.

"वजन मागच्या चाकावर असतं. पंक्चर मागंच होतं. खडी नवीन टाकलीय फाट्यापर्यंत. मागं अठ्ठावीस पाहिजे." मग त्याला आठवलं, आपण कोणाशी बोलतोय. "नि मडगाड कशाला या थंडीत? दोन शिंतोडे पाठीवर उडतात. धुतले की गेले. बाप रस्त्यावर पाट सोडतो, नि लेकीला चिखल सोसत नाय."

माधुरीने अठ्ठावीसचा टायर हातात घेतला. अंगठ्याने दाबून बघितला. तिला काय पाहिजे होतं ते बारकूने बरोबर सांगितलं होतं. ती ज्या लॅबमध्ये कामाला होती तिच्या चाव्या तिच्याकडे असत. पावणेसातला दार उघडायचं, कारण तपासणीला रक्त द्यायला येणारी माणसं रात्रीपासून उपाशी असतात. पहिली जीप सव्वासातशिवाय भरत नाही, म्हणून डॉक्टरांनी स्वतःच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर ही सायकल तिला दिली होती. गावापासून चौदा किलोमीटर. पंधरा दिवसांत मागचा टायर दोनदा बसला. दुसऱ्यांदा ती पोचली तेव्हा साडेसात होत आले होते, आणि साखरेचा आजार असलेली ठकी नावाची म्हातारी पायरीवर चक्कर येऊन पडली होती. कपाळाला तीन टाके घालावे लागले. डॉक्टर ओरडले नाहीत. "पुन्हा असं झालं तर चाव्या हेतलकडे द्याव्या लागतील," एवढंच म्हणाले. लॅबमधली दुसरी मुलगी हेतल स्टँडच्या मागेच राहते, चालत येते. त्या दिवसापासून माधुरी गुरुवारच्या जोडीने मंगळवारही धरू लागली होती. देवापुढे बसली की तिला पायरीवरचं ते रक्त दिसे. सुईने काढलेलं नव्हे, दगडाने काढलेलं.

तिने टायर फळीवर परत ठेवला.

"मागं मडगार्ड पाहिजे, मावशी. पंचवीस घाला म्हणावं."

"अगो, तो सांगतोय काय नि तू बोलतेस काय! पंक्चर झाली तर?"

"मी रोज हवा बघेन. खडी टाळून चालवेन."

बारकू हसला. ते हसणं चांगलं नव्हतं. "खडी टाळून! रस्ता टाळून येणार ही. पाठीला चिखल नको, बास. ड्रेस खराब होतो ना." त्याने मागचं मडगार्ड उचलून चाकावर धरलं आणि खडूने खूण करायला हात पुढे केला. "पाठ वाचवायची तर इथपर्यंत पुरं. सीटच्या खाली वीतभर."

"नाय. खालपर्यंत पाहिजे. जेवढं जाईल तेवढं."

"खालपर्यंत कशाला?"

प्रश्न सरळ तिला गेला होता. बारकूच्या ते लक्षात आलं आणि त्याने घाईने मान टपरीकडे वळवली. "कशाला, इचार तिला. खालचा भाग चालवणाऱ्याच्या कामाचा नसतो. तो मागून येणाऱ्यासाठी. हिच्या मागून पहाटेचं कोण यायचंय? भुतं?"

बाईजा खळखळून हसली. "खरंच गो, कोण येतं तुझ्या मागं? कोणी पोरगाबिरगा हाय काय?"

माधुरीचे कान लाल झाले. तिने पदर सारखा करावा तशी ओढणी सारखी केली.

"मार्गशीर्षात माझं पहाटेचं मौन असतं, मावशी. सूर्य दिसेपर्यंत. मी बोलत नाय, नि मागं वळून बघत नाय."

"हे काय उत्तर झालं?"

"खालपर्यंत बसवा म्हणावं. पाच वाजता येते मी."

ती गेली. पाठ ताठ ठेवून, चालण्यात घाई न दाखवता. चहा तिने अर्धा प्यायला होता. बारकूने तिच्या पाठीकडे बघितलं. कुर्त्यावर खालपासून मानेपर्यंत चिखलाचा जुना, धुवून फिका झालेला पट्टा होता. म्हणजे पाठीचीही चिंता नव्हती तिला; असती तर कधीच काहीतरी बांधलं असतं. मग कशाला? खोड, तो मनात म्हणाला. महिपतचीच खोड.

त्याने पुढच्या चाकाला अठ्ठावीस घातला. मागचा पंचवीस होताच. मडगार्डच्या पट्ट्या हातात घेऊन तो बघत होता, की या सायकलीला त्या अडकवायला भोकंच नाहीत, रबर लावून आवळाव्या लागणार. तेवढ्यात दारात सावली पडली.

"बाबा, गोळ्या."

नम्रता. त्याची सून, हरेशची बायको. हरेश भिवंडीला गोदामाची गाडी चालवतो, शनिवारी रात्री घरी येतो. ती एमआयडीसीत पॅकिंगच्या कंपनीत, सातच्या पाळीला. घरून जुनी लेडीज सायकल घेऊन पाच किलोमीटर फाट्यापर्यंत जायचं, सायकल तिथल्या टपरीमागे ठेवायची, आणि साडेसहाला कंपनीची गाडी पकडायची. तीनला सुटली की तशीच परत. आज बारकूच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या संपल्या होत्या म्हणून ती स्टँडवर उतरली होती.

"आण," म्हणून बारकूने हात पुढे केला. गोळ्या आल्या नाहीत.

नम्रता उंबऱ्यावरच थांबली होती. ती उलट्या ठेवलेल्या सायकलीकडे बघत होती. मग तिचा हात आपोआप ओढणीकडे गेला आणि तिने ती पोटापासून छातीपर्यंत पसरून घेतली.

लपवायला उशीर झाला होता. कंपनीचा फिकट निळा ड्रेस. त्यावर गुडघ्यापासून गळ्यापर्यंत मधोमध लाल ठिपके, एका रेषेत, जशी कोणी भिजवलेली दोरी झटकावी. महिनाभर बारकूची बायको संध्याकाळी त्या ड्रेसवर ब्रश घासत पुटपुटत होती. आणि महिनाभर बारकू ओट्यावरून ओरडत होता, की सायकल नीट चालव, पाटात घालून काय नाचतेस? घरातून एवढंच उत्तर यायचं, "होय बाबा."

स्वतःच्या चाकाचा चिखल असा पुढून उडत नाही. तिच्या सायकलीला तर पुढे-मागे पत्र्याची मडगार्डं आहेत, त्यानेच ठोकलेली. चाळीस वर्षं चाकं बघणाऱ्याला हे एका महिन्यात सुचू नये, याचा त्याला स्वतःवर राग आला.

"पाटाशी उतरत नायस?" त्याने विचारलं.

"उतरली तर मागं राहते, बाबा."

"कोणाच्या मागं?"

टपरीत भांडी विसळण्याचा आवाज थांबला.

"मी एक शब्द बोलली नाय, बाबा," ती म्हणाली. "देवीशप्पत. एक शब्द नाय. ती पण नाय बोलत. तिच्या सायकलीला दिवा हाय. धुकं असतं, नि वडाच्या वळणावर त्या दिवशी बिबट्यानं चांगोची शेळी नेली. म्हणून मी दिव्याच्या मागं मागं जाते. बास तेवढंच."

"कधीपासनं?"

"दिवाळीपासनं."

"तिला ठाव हाय, मागं तू असतेस?"

नम्रताने विचार केला. हा प्रश्न तिने स्वतःला कधी विचारला नसावा.

"वळून नाय बघत ती कधी. पण माझा दम लागला नि मी हळू झाली, का दिवा पण हळू होतो." मग घाईने, "तोंड पण नाय बघितलं मी तिचं धड. पाठच बघितलीय."

नम्रताने गोळ्या फळीवर ठेवल्या. त्याच्या तोंडाकडे बघायचं धाडस तिला झालं नाही.

"जा," तो शेवटी म्हणाला. "गाडी चुकंल."

ती गेल्यावर पंक्चर बघायच्या घमेल्यात डबा बुडवून त्याने चाकांच्या मातीने लाल झालेलं पाणी घेतलं, पेडल हाताने जोरात फिरवलं, आणि फिरत्या मागच्या चाकावर ते पाणी धरलं. सपकन पाणी उडालं आणि थेट त्याच्या अंगावर आलं. बनियनवर, हनुवटीवर, चष्म्यावर. चाक थांबेपर्यंत तो पुढ्यातच बसून होता.

"अरे, डोकं फिरलंय काय तुझं?" बाईजा ओरडली.

त्याने चष्मा पुसला नाही. उठला आणि खिळ्यावरची लोखंड कापायची करवत काढली.

पाच वाजायला आले तेव्हा उन्हं स्टँडच्या पत्र्यांवरून उतरली होती आणि हवेत गारवा यायला लागला होता. माधुरी आली तेव्हा सायकल सरळ उभी होती, भिंतीला टेकून. ती दोन पावलांवर थांबली.

मागचा टायर अठ्ठावीसचा होता. तिने खाली वाकून आकडा वाचला. पंचवीसचा जोड दोरीने बांधून फळीवर ठेवलेला. आणि मडगार्ड होतं. ब्रेकच्या अलीकडे एक तुकडा, पलीकडे एक तुकडा, मधे ब्रेकखाली फक्त टायर. कापलेल्या कडा कानशीने घासून इतक्या गुळगुळीत केल्या होत्या की बोट फिरवलं तरी कळत नव्हतं. आणि मागच्या तुकड्याच्या टोकाला दोन रिबिट मारून जाड काळ्या रबराची पट्टी जोडलेली, जमिनीपासून चार बोटं वर लोंबणारी. पट्टीवर ठसठशीत, उलटा, एक आकडा दिसत होता. अठ्ठावीस.

माधुरीने वर बघितलं. आढ्याचा हुक रिकामा होता.

"मडगाड कापत नाय म्हणत होता," बाईजा कोणालाच उद्देशून न बोलता म्हणाली.

"गप बस." बारकू हत्यारं डब्यात टाकत होता, एकेक, गरजेपेक्षा जोरात. पाठ फिरवलेली. "सांग तिला, ब्रेक दाबून बघ म्हणावं."

माधुरीने दाबून बघितला. चाक जागच्या जागी थांबलं. कुठे घासलं नाही, वाजलं नाही.

"बरोबर हाय, मावशी."

"नि सांग, याचा अर्थ पाटाचं मी इसरलो असा नाय. मरेपर्यंत इसरणार नाय. बापाला पण सांग म्हणावं."

"सांगेन," माधुरी म्हणाली.

ती सायकल वळवायला लागली. गल्लीच्या तोंडापर्यंत गेली तेव्हा मागून परत आवाज आला, टपरीकडे टाकलेला पण गल्लीभर ऐकू जाईल असा.

"सांग तिला! रबर लांब हाय. मागच्याचं चाक चिकटून आलं तर अडकंल, पडंल. दोन हात अंतर राहू दे म्हणावं. हळू चालव म्हणावं वळणावर."

बाईजाने हात कमरेवर ठेवले. "मागच्याचं? मगाशी तूच म्हणत होतास, कोणी येत नाय. आता मागं कोण आलं रे बारक्या?"

बारकूने चष्मा काढून बनियनच्या टोकाने पुसला. भिंगावर लाल पाण्याचा वाळलेला ठिपका होता, तो नखाने खरवडला.

"भुतं," तो म्हणाला, आणि शटर खाली ओढलं.